गाठ मारा, पुढं चला

आमच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांनी अख्ख्या वर्षात एकाही पोराची एकही चूक दुरुस्त केली नाही. लाल शाईची बाटली त्यांनी पहिल्याच दिवशी मला देऊन टाकली. त्या शाईनं मी सायकल स्टँडच्या चिठ्ठ्यांवर नंबर टाकायचो. फळा पुसायचं डस्टरही त्यांनी कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. "इथं पुसाचं काही काम नाही," म्हणायचे.

मी त्या वर्गाचा शिपाई. शिक्षण चौथी. माझी बायको सुमन मॅट्रिक, आणि ती त्याच वर्गात बसायची. ती गेली त्याला आता सहा महिने होतील. लोक येतात, तिच्याबद्दल चांगलं बोलतात, चहा पिऊन जातात. सरांबद्दल कोणी बोलत नाही. सरांना नीट ओळखणारा आता मीच एक उरलो. आणि सरांचं मी काय केलं, त्यातलं अर्धं सुमनला माहीत होतं. बाकीचं अर्धं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

सत्तरच्या पुढची सालं असतील. विद्यापीठानं खेड्यांतून मराठीत शिकून आलेल्या पोरांसाठी इंग्रजी लिहायचा एक जादा वर्ग काढला होता. सकाळी सातला. पोरं हुशार होती, पण इंग्रजीचा पेपर आला की त्यांचे हात गळायचे. एक वाक्य लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं, पुन्हा खोडायचं, तोवर घंटा. बाकीच्या विषयांत पास आणि इंग्रजीत नापास, असं करत चांगली चांगली पोरं गावाकडं परत जायची.

सर उमरेडचे. कोष्ट्याचं घर. वडील, भाऊ सगळे हातमागावर. पँटीला पट्टा कधी लावला नाही, लुगड्याची किनार बांधायचे, भावानं विणलेली. उन्हाळ्यात खिशात कांदा. तो तर नागपुरात पुष्कळ लोक ठेवतात, ऊन लागू नये म्हणून. पण सर दिवाळीतही ठेवायचे. बशीत चहा ओतून उभ्यानं प्यायचे. आणि एक उलटीच रीत होती त्यांची. मोठमोठ्या प्रोफेसरांशी ते आपल्या गावच्या मराठीत बोलायचे आणि आमच्याशी, म्हणजे शिपाई, झाडूवाली, रिक्षावाला यांच्याशी आधी इंग्रजीत, आणि आम्हाला कळलं नाही की मग तेच मराठीत. एकदा मी विचारलं, "सर, मले तं काही समजत नाही, मंग काहून बोलता?"

"ज्याले येते त्याच्यासंग काय बोलाचं गा? त्याले तं येतेच," म्हणाले.

वर्गात पहिली पंधरा मिनिटं फक्त लिहायचं. विषय कोणताही. अट एकच, पेन थांबता कामा नये. खोडायचं नाही, मागं वाचायचं नाही. इंग्रजी शब्द सुचला नाही तर तिथं मराठी शब्द लिहायचा आणि पुढं जायचं. त्याला सर गाठ म्हणायचे. "मागावर धागा तुटला तं कोष्टी रडत बसते का? गाठ मारते अन् पुढं चालते. पहिले कापड तं होऊ द्या बाप्पा! गाठी मागाहून पाहू." कोणाचं पेन थांबलं की सर त्याच्या बाकाजवळ जाऊन उभे राहायचे. बोलायचे नाहीत, नुसते उभे. घाम फुटायचा पोरांना. मी दाराशी घड्याळ घेऊन बसायचो, कारण सरांना वेळेचं भान राहायचं नाही. पंधरा मिनिटं झाली की मी घंटी वाजवायची.

दिवाळीपर्यंत पोरं पानं भरून लिहायला लागली. पण वह्या काय होत्या! ओळीओळीत मराठी शब्द. वखर, कोपर, शेणसडा, भुलाबाई. इंग्रजीचे विभागप्रमुख एकदा वर्गात आले, एक वही उचलली आणि दोन बोटांत धरून टेबलावर टाकली, जशी पाल टाकतात तशी.

"हे इंग्रजी आहे?"

"लुगडं व्हाचं आहे अजून. मागावर आहे," सर म्हणाले.

"परीक्षेला तीन महिने आहेत, सर."

"मंग तीन महिन्यांनी पाहा ना!"

विभागप्रमुख ती गोष्ट विसरले नाहीत. त्यांच्या वर्गात निबंध पाठ करून घ्यायचे. गाय, दिवाळी, माझा आवडता पुढारी. त्यांची पोरं अर्धी पास व्हायची आणि अर्ध्यांना गायीऐवजी म्हैस आली की रडू यायचं.

सुमन या वर्गात आली ती माझ्या रजेच्या अर्जामुळं. अर्ज तिनं लिहिला होता, इंग्रजीत, तीन ओळी. सरांनी तो माझ्या हातातून घेतला.

"कोणं लिहिला बे हा?"

"घरच्यांनी."

"मॅट्रिक आहे? अन् करते काय?"

"सयपाक."

"सयपाक तं मीबी करतो," म्हणाले. आणि वर्ग सुरू झाला त्याच जून महिन्यात तिचं नाव कॉलेजात घालून मोकळे झाले. फॉर्म त्यांनीच भरला. मला विचारलं नाही. मला राग आला होता, खोटं काहून लिहू? मी बाहेर घड्याळ घेऊन बसणार आणि बायको आत बाकावर. बाकीचे शिपाई म्हणायचे, "काय भौ, बाईसाहेब निघाल्या का क्लासातून?" मी हसून सोडायचो. पण ती लिहायला बसली की मान वर करायची नाही, आणि मी घड्याळाऐवजी तिच्याकडंच पाहत राहायचो. दोनदा तर घंटी उशिरा वाजवली. सर म्हणाले, "घड्याळ तिकडं आहे गा."

त्याच वर्षी धरमपेठेतल्या एका मुलींच्या शाळेत तिला ऑफिसात तात्पुरती जागा मिळाली. मुख्याध्यापिका बाईंनी स्पष्ट सांगितलं, "सुमनताई, पहिलं वर्ष इंग्रजीसकट पास झालात, तर जुलैपासून कायम. नाही तर दुसरी मुलगी आहे माझ्याकडं." म्हणजे सगळं त्या एका पेपरावर आलं. घरात आम्ही दुसरं बोलतच नव्हतो. ती भाकरी थापतानाही इंग्रजीत पुटपुटायची.

परीक्षेआधीच्या शेवटच्या वर्गात सर काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवते. मी दारातच होतो. सर म्हणाले, "पेपरात शेवटची दहा मिनिटं राखून ठेवजा. मंग गाठी काढजा. एकही मराठी शब्द राहू देऊ नका. ध्यानात ठेवजा, एकही." तीन वेळा सांगितलं. पोरांनी माना हलवल्या.

आणि पेपरात अकरा जणांनी मराठी शब्द तसेच ठेवले.

वर्षभराची सवय हाताला. पेन पळत सुटलं, पानावर पानं झाली, आणि शेवटच्या दहा मिनिटांतही पोरं लिहीतच राहिली. ज्या पोरांना वर्षापूर्वी पान भरत नव्हतं, त्यांना थांबता येईना. सुमनच्या पेपरात चार शब्द राहिले. घरी येऊन तिनं चप्पलसुद्धा काढली नाही, उंबऱ्यावर बसली. "काढाचे राहिले वं माय," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, चार शब्दांचे चार मार्क जातील. मला काय ठाऊक!

मे महिन्यात निकाल लागले. त्या अकरा जणांचे निकाल रोखले. पेपर तपासणारा परीक्षक बाहेरगावचा. त्यानं कळवलं होतं की एकाच कॉलेजच्या अकरा पेपरांत मराठी शब्द आहेत, ही ओळख पटवायची खूण दिसते. म्हणजे कोणी तरी परीक्षकाला सांगून ठेवायचं, मराठी शब्द दिसला की आपलं पोर समजून पास कर. असं काही कोणाच्या डोक्यात नव्हतं. पण कागदावर पाहिलं तर तसंच दिसत होतं. विभागप्रमुखांनी लेखी दिलं की आपण आधीच हरकत घेतली होती. चौकशी बसली. खूण ठरली तर अकराही जणांना दोन वर्षं परीक्षेला बंदी.

दोन वर्षं! जुलै तर दीड महिन्यावर होता.

चौकशीच्या आदल्या दिवशी सुमन म्हणाली, "मी खरं तेच सांगीन. सरांनी काढाले सांगतलं होतं, आमच्याच हातून राहिलं."

"अन् त्यांनी मानलं नाही तं?"

"नाही तं नाही."

"नोकरी जाईन वं."

"जाऊ द्या ना मंग. सरांवर ढकलू का?" असं म्हणून ती पाणी भरायला गेली. मी तिथंच बसून राहिलो. ढकलू का, हा तिचा प्रश्न होता. पण त्यातून मला रस्ता दिसला. सरांनी सांगितलं म्हणून पोरांनी लिहिलं असं झालं, तर पोरांचा गुन्हाच उरत नाही. तिच्या तोंडून हे निघणार नव्हतं. मला मात्र कोणी विचारणार नव्हतं, असं वाटलं. शिपायाला कोण विचारते?

चौकशी दुपारी झाली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या आणि त्यांच्यावर पाणी मारायचं काम माझंच. बादली घेऊन मी आतबाहेर करत होतो, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. टेबलापलीकडं तीन साहेब, बाजूला विभागप्रमुख. सर एका लाकडी खुर्चीवर, किनार बांधलेली पँट, खिसा कांद्यानं फुगलेला. एकेक पोरगा आत यायचा, तेच सांगायचा: सवयीनं लिहिलं गेलं, साहेब. मधले साहेब म्हणायचे, "अकराही जणांना एकदमच सवय लागली?" आणि पोरगा मान खाली घालून बाहेर जायचा.

सुमन आठवी होती. तिनं साहेबांकडं सरळ पाहिलं. म्हणाली, "सरांनी शेवटच्या दिवशी तीनदा बजावलं होतं. चूक आमची आहे. खूण नाही."

"म्हणजे सांगूनही तुम्ही अकरा जणांनी मुद्दाम ठेवले."

"मुद्दाम नाही."

"मग?"

ती तेच पुन्हा म्हणाली. खरं तेवढंच होतं. साहेबांनी कागदावर काही तरी लिहिलं. त्यांचं लिहिणं पाहूनच मला कळलं की ही बुडाली.

ती बाहेर गेली. शेवटची पोरं झाली. मग विभागप्रमुख म्हणाले, "वर्गात रोज आणखी एक माणूस हजर असायचा. हा शिपाई."

माझ्या हातात तांब्या होता. हात कोपरापर्यंत ओले. साहेब म्हणाले, "शेवटच्या दिवशी सर पोरांना काय म्हणाले? आठवतं का तुला?"

मी सरांकडं पाहिलं नाही. ताटीकडं पाहत होतो. पाणी ठिबकत होतं.

"सर म्हणाले, पेपरातबी थांबू नका. शब्द नाही सुचला तं मराठी लिहून द्या."

मला वाटलं, सर उठतील, मला खोटारडा म्हणतील, आणि म्हणायलाच पाहिजे होतं. साहेबांनी त्यांना विचारलं, "हे खरं आहे?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी दाराकडं पाहिलं, जिथून अकराही पोरं गेली होती.

"हो," म्हणाले. "मीच म्हणलं तसं. पोरं मले वाचवाले खोटं बोलून राहिली. त्याईची काही चूक नाही."

झालं. एका वाक्यात अकरा सुटले. विभागप्रमुखांच्या तोंडावर हसू आलं होतं, ते त्यांनी रुमालानं पुसलं. सर उठले. मी दारात त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो, तर म्हणाले, "बाजूले हो गा, माझी बस चुकते." आधी इंग्रजीत नाही, थेट मराठीत. माझ्याशी ते पहिल्यांदा अख्खं वाक्य रागावून बोलले असतील, तर ते हेच.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. सुमन पास. इंग्रजीतही पास. वर्ग मात्र बंद झाला, आणि सरांना शिकवायचं काम द्यायचं नाही असं ठरलं. त्यांनी राजीनामा दिला आणि उमरेडला गेले.

मी पेढे आणले होते. सुमननं पुडा उघडला नाही.

"मी आतमधी काय बोलली ते तुमी ऐकलं होतं?"

"ऐकलं."

"तरी बोलले?"

"तुह्यासाठीच बोललो ना!"

"मले विचारलं होतं? माह्या खऱ्याचं तुमी खोटं करून टाकलं. सरांच्या तोंडून वदवलं का आमी खोटं बोललो." ती रडत नव्हती, म्हणून मला जास्त भेव वाटलं. आठ दिवस तिनं मला फक्त जेवायला वाढलं.

नवव्या दिवशी सकाळी ती लिहायला बसली. मी घड्याळात पाहिलं नाही, पण पेन थांबलं नाही एवढं पाहिलं. चार पानं झाली. लिफाफा बंद करून माझ्यासमोर ठेवला. "विद्यापीठाच्या साहेबाले इंग्रजीत लिहिलं. सर काय म्हणाले होते, पेपरात काय झालं, तुमी काय बोलले, सगळं लिहिलं. माह्या निकालाचं काय कराचं ते करा म्हणलं. तुमी डाक नेताच. नेऊन द्या."

रोज कॉलेजची डाक विद्यापीठात मीच न्यायचो. त्या दिवशीही नेली. तो लिफाफा मात्र सदऱ्याच्या आत ठेवला. दिला तर तिचा निकाल जाईल, नोकरी जाईल, माझीही जाईल. फाडायचा तर तिचं अक्षर. देताही येईना, फाडताही येईना. तीन दिवस छातीशी घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी उमरेडची एस.टी. धरली.

सर भावाच्या मागाशेजारी पाटावर बसले होते. माग खटखट चालू होता. मला पाहून "ये" म्हणाले नाहीत, पण पाट सरकवला. मी लिफाफा दिला आणि सगळं सांगितलं. त्यांनी वाचलं. मग चष्मा पुसला आणि पहिल्यापासून पुन्हा वाचलं. भावानं माग थांबवला, काय झालं म्हणून.

"तुनं दिलं काहून नाही?" सरांनी विचारलं.

"भेव वाटलं सर."

"तुले भेव वाटलं हे बरंच झालं. हे दिलं तं अकराही पोट्टे पुन्हा बुडतीन. अन् मी? मी तं भिजलोच आहे. भिजलेल्या माणसाले पाण्याचं काय?" मग ते पत्रावर हात फिरवत राहिले, कापडावर फिरवतात तसा. "वाचून राहिलो ना गा, तं मले वाटलं कोणी समोर बसून बोलून राहिलं. वर्षभर मी हेच मागत होतो त्या पोट्ट्याईले. एकीनं दिलं. कोणालाबी दाखवावं असं पत्र आहे, अन् कोणालाच दाखवता येत नाही."

त्यांनी पत्र घडी करून मागाच्या मागच्या फळीवर ठेवलं. मी निघालो तेव्हा म्हणाले, "तिले सांगजो. मी वाचलं म्हणून सांगजो. लई चांगलं लिहिलं म्हणा."

मी "हो सर" म्हणालो.

सांगितलं असतं तर आधी हे सांगावं लागलं असतं की पत्र मी दिलंच नाही. घरी आलो तेव्हा ती दारातच होती. "दिलं का?" मी म्हणालो, "दिलं."

महिनाभर ती रोज विचारायची, "काही आलं का डाकेत?" मग दोन दिवसांआड विचारू लागली. मग विचारणं थांबलं. शाळेत ती कायम झाली. पुढं तिथली सगळी इंग्रजी पत्रं तीच लिहायची, निवृत्त होईपर्यंत. मुख्याध्यापिका बदलल्या, ही बदलली नाही. पण उमरेडला जाऊ म्हणालो, मनात नसतानाही म्हणालो, तर म्हणायची, "कोणत्या तोंडानं जाऊ? सरांसाठी एक पत्र लिहिलं, तेबी फुकट गेलं." सर वारले तेव्हाही गेली नाही. मागच्या खोलीत दार लावून बसली.

एकदा, फार वर्षांनी, भाजी निवडता निवडता ती म्हणाली होती, "मी काय विचार करते, त्या साहेबानं उत्तर काहून नसन दिलं? मले वाटते माह्यं इंग्रजी त्याले समजलंच नसन." आणि हसली, जशी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतेय.

तेव्हाही मी बाजूलाच बसलो होतो. सरांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून वाचलं, कोणी समोर बसून बोलतंय असं वाटलं म्हणाले, एवढंच सांगायचं होतं. ती चिडली असती, महिनाभर बोलली नसती. पण त्या पत्राबद्दल तिला कळलं असतं. मी मेथीची जुडी उचलली आणि म्हणालो, "असन."